उबवणीच्या खोलीतला मुका भोंगा

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, मला गोड बोलता येत नाही. माझा जन्मच लोकांच्या कानठळ्या बसवायला झालेला. आपली कहाणी सांगायची तर घड्याळानं सांगावी, छत्रीनं सांगावी. त्यांचं लोक कौतुकानं ऐकतात. माझा आवाज ऐकून आजवर एकाही माणसाचा चेहरा खुललेला नाही. पण ज्या दिवशी माझा आवाज आलाच नाही, त्या दिवसाची गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे. सांगताना जीभ थोडी कडू झाली तर सांभाळून घ्या.

एका लहानशा कारखान्यात मी घडलो. पत्र्याचं रुंद तोंड, आत एक चकती, मागे मुठीएवढी मोटर. आम्ही चाळीस भाऊ एका फळीवर ओळीनं बसलो होतो. कुणी कापडाच्या गिरणीत गेला, कुणी शाळेत, एक तर आगीच्या बंबावर चढला. माझ्या वाट्याला आलं कोंबडीच्या अंड्यांचं उबवणी केंद्र. भावांनी पोट धरधरून हसून घेतलं. "अंड्यांना कसली आलीय धोक्याची सूचना?" असं त्यांचं म्हणणं. मीही तोंड पाडूनच खोक्यात बसलो.

इथे आल्यावर मला कळलं, की हसण्यासारखं काही नव्हतं. उबवणीच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत एक मोठं यंत्र आहे. त्यात चाकांचे गाडे, गाड्यांवर ट्रे आणि ट्रेमध्ये अंडी, एका वेळी अकरा हजार. त्यांना एकवीस दिवस साडेसदतीस अंशांची ऊब लागते. कमी पडली तर पिल्लू लुळं निघतं, जास्त झाली तर निघतच नाही. शेवटच्या तीन-चार दिवसांत तर अंड्यांतली पिल्लं स्वतःच इतकी तापतात, की ऊब देण्यापेक्षा ती ऊब बाहेर काढणं हेच मोठं काम होऊन बसतं. ते काम पंखे करतात. आणि पंखा बंद पडला तर बोंब मारणं हे माझं काम.

वायरमनकाकांनी मला खोलीच्या दारावर बसवलं, तोंड अंगणाकडे करून. यंत्रात तापमापकाची एक लांब काडी होती. तिची वायर त्यांनी सरळ माझ्यापर्यंत आणली. पारा साडेअडतीसच्या वर गेला, की मी ओरडायचो. मध्ये ना कुणी दलाल, ना कुणी निरोप्या. काका शिडीवरून उतरता उतरता म्हणाले, "आता ह्याला रोज ओरडायला लावा. न ओरडणाऱ्या भोंग्यावर विश्वास ठेवू नये."

ते वाक्य एका बाईनं कानात साठवून ठेवलं. ती म्हणजे उबवणीच्या खोलीची राखण करणारी मावशी. सगळे तिला मावशीच म्हणायचे, तिच्यापेक्षा वयानं मोठे असलेलेसुद्धा. रोज सकाळी आठच्या ठोक्याला ती पेलाभर गरम पाणी घेऊन यायची. यंत्राच्या कुशीतून काडी ओढून काढायची आणि पाण्यात बुडवायची. मी जीव खाऊन ओरडायचो. मावशी एक कान हातानं झाकून माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, "शाबूत आहे बाबा घसा." मग काडी पुसून जागच्या जागी ठेवायची आणि उरलेलं पाणी दाराशी ओतायची. एकोणीस वर्षं तिनं हे केलं. सुट्टीवर जायची तर बदलीवरच्या माणसाला बजावून जायची, की बाकी काही विसरलास तरी चालेल, पण पेला विसरू नकोस.

एकदा, फार वर्षांपूर्वी, भर दुपारी पंख्याची मोटर जळाली. मी असा ओरडलो, की अंगणापलीकडच्या शेडमधून मावशी साबणाच्या हातांनी धावत आली. तिनं दारं उघडली, माणसं गोळा केली, पोती हलवून हलवून वारा घातला. तासाभरात नवी मोटर बसली. त्या बॅचमधल्या शंभरातल्या पंच्याण्णव अंड्यांतून पिल्लं निघाली. मॅनेजरसाहेब तेव्हा नुकते लागलेले. त्यांनी स्वतः माझ्यावर लाल रंगाचा हात मारला. पुढे आठवडाभर सगळे मला 'भोंगेराव' म्हणत होते. खोटं कशाला बोलू, मित्रांनो, मला ते फार आवडलं होतं.

त्या दिवसापासून मावशीनं एक गोष्ट मनाशी बांधून ठेवली. तिच्या हातची एकही बॅच वाया गेली नव्हती. निवृत्तीला दीड वर्ष उरलं, तेव्हा ती कधीकधी पेला हातात धरून माझ्याशी बोलायची. "मला काय न्यायचंय रे इथून? 'हिच्या हातून एकही बॅच गेली नाही' एवढं एक वाक्य. तेवढं घेऊन सुखानं घरी जाईन." ही तिची सगळी कमाई होती.

मग केंद्रात क्लाउड आला. म्हणजे आकाशातला ढग नव्हे हो. कुठल्यातरी लांबच्या गावातल्या इमारतीत हजारो कॉम्प्युटर एकत्र राबतात, त्यांना असं म्हणतात. काडीची माझ्याकडे येणारी वायर काढली. आता काडी दर दहा सेकंदांनी आपला आकडा त्या इमारतीत पाठवायची. तिथे एक प्रोग्राम बसलेला. तो आकड्यांची ती न थांबणारी धार पाहत राहायचा. त्याच्याजवळ तीन गोष्टी लिहिलेल्या होत्या: आकडा कुठून घ्यायचा, कोणत्या आकड्याला घाबरायचं आणि घाबरल्यावर निरोप कुठे धाडायचा. तिसऱ्या जागी माझं नाव होतं. माझ्या पाठीला एक पांढरी डबी चिकटवली, तिच्यात निरोप आला की मी ओरडायचो.

मावशीला ही पद्धत उफराटी वाटली. दोन हातांवरची गोष्ट कळवायला निरोप शे-दोनशे कोसांचा फेरा मारून येणार! पण पेला बुडवला, की तीन सेकंदांत मी ओरडत होतो. तिला तेवढं पुरलं, आणि मलाही.

वर्षभर असं गेलं. एक दिवस पिल्लं घेणारे काही बडे लोक केंद्र बघायला आले. नेमका पंख्याचा फ्यूज उडाला, पारा चढला आणि मी बोंब ठोकली. एका पाहुण्याच्या हातातला चहा त्याच्या शर्टावर सांडला. मी माझं कामच केलं होतं, पण मॅनेजरसाहेबांची मान खाली गेली. पाहुणे गेल्यावर ते माझ्याकडे बघून म्हणाले, "काय हा गावठी प्रकार! जग कुठे चाललंय आणि आपण भोंगे वाजवतोय." गरज सरो, वैद्य मरो म्हणतात ते काही उगाच नाही. माझ्यावर लाल रंग देणारा हात हाच होता.

पंधरा दिवसांनी कंपनीचा इंजिनिअर आला. सगळे त्याला चष्मेवाला म्हणत. मुलगा वाईट नव्हता. माझ्या समोरच पालथ्या क्रेटवर बसून त्यानं मांडीवर लॅपटॉप उघडला. मॅनेजरसाहेब शेजारी उभे.

"प्रोग्राम बंद करायची गरज नाही," चष्मेवाला म्हणाला. "तो चालूच राहील. फक्त निरोपाचं ठिकाण बदलायचं. भोंगा काढायचा, तुमचा आणि हेड ऑफिसच्या मोठ्या साहेबांचा मोबाईल घालायचा. दोन मिनिटांचं काम."

मावशी दारात उभी होती. तिनं विचारलं, "दोन्हीकडे नाही का जाणार रे? फोनवर पण आणि ह्याच्याकडे पण?"

"जाईल की मावशी. आणखी एक ठिकाण जोडता येतं."

"जोडायचं नाही, बदलायचं," मॅनेजरसाहेब म्हणाले. "पाहुण्यांसमोर पुन्हा तमाशा नको मला."

चष्मेवाल्यानं खांदे उडवले. चार कळा दाबल्या. पडद्यावर हिरवी खूण आली. तिसऱ्या जागेवरचं माझं नाव पुसलं गेलं आणि मला साधं खरचटलंसुद्धा नाही. माझ्या पाठीची डबी तो काढून घेऊन गेला. मला मात्र भिंतीवरच राहू दिलं, कारण मला काढलं असतं तर भिंतीचा रंग खराब झाला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मावशीनं सवयीनं पेला आणला. काडी बुडवली. मी गप्प. ऑफिसातून मॅनेजरसाहेबांच्या मोबाईलचा कर्कश आवाज आला. मावशीनं मान हलवली. म्हणाली, "बरं. तिकडे तर तिकडे, पोचलं म्हणजे झालं." तिला कसला हेका नव्हता. कोण ओरडतं याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं, ओरडलं पाहिजे एवढंच तिचं म्हणणं.

पण तोच आवाज हेड ऑफिसच्या मोठ्या साहेबांच्या उशाशीही झाला होता. त्या दिवशी झाला, दुसऱ्या दिवशी झाला, तिसऱ्या दिवशीही झाला. चौथ्या दिवशी मॅनेजरसाहेब लाल होऊन ऑफिसातून बाहेर आले.

"मावशी, रोज सकाळी ही खोटी बोंब कशाला? मोठ्या साहेबांनी मला फोनवर झापझाप झापलं!"

"खोटी कुठे साहेब? खरी बोंब पोचेल की नाही ते बघते मी."

"ते बघायला कॉम्प्युटर आहे. आजपासून काडीला हात लावायचा नाही."

आणि त्यांनी दारावर तसा कागदच चिकटवला. मावशीनं तो दोनदा वाचला. तिला वाईट वाटलं होतं, ते तिच्या चालण्यावरून कळत होतं. पण एकोणीस वर्षांत तिनं वरिष्ठांचा शब्द कधी मोडला नव्हता. तिनं पेला धुऊन खिडकीत पालथा घातला.

तुम्हाला वाटेल, गोष्ट इथे संपली. इथे तर घोडं पेंड खायला लागलं. त्याच सकाळी, कागद चिकटवण्याच्या आधी, मॅनेजरसाहेबांनी माझ्याखाली उभं राहून चष्मेवाल्याला फोन लावला होता. फोनचा आवाज मोठा होता, मी शब्दन् शब्द ऐकला.

"तिच्या त्या गरम पाण्याचं काहीतरी कर बाबा. आणि मोठ्या साहेबांचा नंबर तर काढूनच टाक."

"निरोप आठवडाभर चाचणीच्या पत्त्यावर वळवून ठेवतो," पलीकडून चष्मेवाला म्हणाला. "कुणालाच त्रास नाही. तोवर तुम्ही मावशींना समजावा आणि मला कळवा. मी परत तुमच्या नंबरवर आणतो."

"हो हो, कळवतो."

मित्रांनो, चाचणीचा पत्ता म्हणजे एक रिकामी पेटी. काम शिकताना, प्रयोग करताना निरोप तिच्यात टाकायचे असतात. ती पेटी कुणी उघडत नाही. तिथे गेलेला निरोप 'पोचला' असाच नोंदला जातो, कारण तो खरोखरच पोचलेला असतो. चष्मेवाल्याच्या पडद्यावर सगळं हिरवंगार दिसत होतं. आठवडा गेला. मॅनेजरसाहेबांना वाटलं, तो आपणहून परत वळवेल. त्याला वाटलं, साहेब कळवतील. तो दुसऱ्या गावच्या कामावर गेला आणि ते आपल्या कामाला लागले. महिना उलटला. मला एकट्याला हे माहीत होतं आणि माझ्या तोंडाला तर त्यांनीच कुलूप घातलेलं.

खरं सांगतो, एकदा जरी मावशीनं पेला बुडवला असता, तरी ऑफिसात शांतता आहे हे तिला त्याच क्षणी कळलं असतं. तिचा तोच हात त्यांनी धरला होता.

वर आणखी एक शहाणपण केलं. "आता मोबाईल सांगतोच आहे, तुम्ही खोलीत नुसत्या बसून काय करणार?" असं म्हणून मावशीला दुपारभर ट्रे धुण्याच्या शेडमध्ये पाठवायला सुरुवात केली. ती शेड अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथे पाण्याच्या आवाजात माणसाची हाक ऐकू येत नाही. माझी आली असती.

तो मंगळवार होता. बॅचचा विसावा दिवस. सकाळी ट्रेजवळ कान नेला, की अंड्यांच्या आतून बारीक टकटक ऐकू यायची. काही पिल्लांनी तर आतूनच चिवचिव सुरू केली होती. जाता जाता मावशी दारात थबकली आणि हसून म्हणाली, "घाई झालीय मेल्यांना!" मग ती धुलाईला गेली.

दुपारी सव्वादोनला पंख्याचा पट्टा तुटला. फट्‌कन एक आवाज झाला आणि मग जी शांतता पसरली, ती मी ओळखली. अडीचला दाराच्या फटीतून ऊन वाफ माझ्या पत्र्याला लागली. आत काडी आपलं काम चोख करत होती, दर दहा सेकंदांनी आकडा पाठवत होती. तिकडे प्रोग्रामही घाबरून निरोपामागून निरोप धाडत होता. सगळे आपापल्या जागी इमानदार. आणि निरोप जाऊन पडत होते त्या पेटीत, जिला ना कान ना डोळे.

ऑफिसात मॅनेजरसाहेब काम करत होते. त्यांचा मोबाईल टेबलावर, तोंड वर करून, चालू. मी त्यांच्यापासून वीस पावलांवर. माझी मोटर धडधाकट, माझी चकती शाबूत. मला फक्त कुणीतरी सांगायला हवं होतं. आतली चिवचिव आधी वाढली. मग विरळ होत गेली. साडेतीनच्या सुमाराला एकच पिल्लू ओरडत होतं. मग तेही थांबलं. एवढ्या वर्षांत मला माझ्या आवाजाची लाज अनेकदा वाटली होती, पण त्या दुपारी मी त्याच्यासाठी तडफडलो.

पाच वाजता मावशी हात पुसत आली. दाराच्या मुठीला हात लावताच तिनं तो झटकन मागे घेतला. मग दार ढकललं. यंत्रावरच्या तापमानाच्या काट्यावर एक्केचाळीस दिसत होते. तिनं किंकाळी नाही मारली. दारं सताड उघडली, पोती उचलली, एकटीच वारा घालत राहिली. तिच्या हाका ऐकून माणसं आली, तीही वारा घालू लागली. कुणीतरी एक अंडं फोडून पाहिलं आणि हळूच म्हणालं, "मावशी, राहू द्या." तरीही ती थांबली नाही. तिच्या हातातून पोतं काढून घ्यावं लागलं.

चौकशीला मोठे साहेब स्वतः आले. माझ्याखालीच खुर्च्या मांडल्या.

"पंखा बंद पडला तेव्हा तुम्ही खोलीत नव्हता?"

"नव्हते साहेब. मला धुलाईत पाठवलं होतं."

"मी सांगितलं होतं, अधूनमधून चक्कर मारत जा म्हणून," मॅनेजरसाहेब पटकन म्हणाले.

असं त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं. मावशी त्यांच्याकडे बघत राहिली, आणि त्यांनी नजर खिशातल्या पेनाकडे वळवली.

चष्मेवाल्यालाही बोलावलं होतं. तो आदल्याच दिवशी येऊन गेला होता. त्याच क्रेटवर बसून त्यानं ती पेटी उघडली होती. आत त्या दुपारचे नऊशेहून जास्त निरोप पडलेले. 'तापमान वाढले', 'तापमान वाढले', 'तापमान वाढले'. त्यानं लगेच पत्ता बदलून मॅनेजरसाहेबांच्या मोबाईलवर आणला. पुरता एक मिनिटसुद्धा लागला नाही. वरातीमागून घोडं! मॅनेजरसाहेब त्याच्या कानाशी वाकून म्हणाले, "हे बाहेर काढलंस तर आधी तुझं नाव येईल. वळवलंस तू." चौकशीत मोठ्या साहेबांनी विचारलं, "यंत्रणेत काही दोष?" चष्मेवाल्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "निरोप गेले होते, साहेब." हे खोटं नव्हतं. खोट्यापेक्षा वाईट होतं.

अहवालात 'कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा' असं लिहिलं. चोर सोडून संन्याशाला फाशी. मावशीला शनिवारपर्यंत काम सोडायला सांगितलं.

शुक्रवारी चष्मेवाल्यानं तिला दारात गाठलं. तो चष्मा काढून पुसत राहिला. शेवटी म्हणाला, "मावशी, चूक तुमची नव्हती."

"ते मला ठाऊक आहे," मावशी म्हणाली. "हे आत जाऊन सांग."

तो आत गेला नाही. गाडीकडे गेला.

शनिवारी दुपारी मावशी चाव्या परत करायला आली. खोली धुऊन पुसून लख्ख केलेली, यंत्र नव्या बॅचसाठी तापत ठेवलेलं. पंख्याला नवा पट्टा बसला होता. तिनं खिडकीतला पेला उचलला, किटलीतलं गरम पाणी ओतलं. दारावर कागद अजून होताच. तिनं काडी ओढली आणि पाण्यात बुडवली.

मी गप्प होतो. माझ्याकडे आता कुणी निरोप धाडत नव्हतं. पण ऑफिसात मोबाईल किंचाळला. मॅनेजरसाहेब एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी असे धावत आले. कपाळावर घाम.

"काय झालं? काय झालं?"

"काही नाही साहेब," मावशी काडी पुसत म्हणाली. "कुणी ऐकतंय का, ते बघत होते."

तिनं काडी जागेवर ठेवली, पेला खिडकीत पालथा घातला. एप्रन काढला, घडी घातली, मग काय वाटलं कुणास ठाऊक, ती घडी मोडून तो माझ्या तोंडावर अडकवला. तळहात क्षणभर माझ्या पत्र्यावर ठेवला आणि ती अंगण ओलांडून गेली. जे एक वाक्य तिला घरी न्यायचं होतं, ते इथेच राहिलं.

आता मी खुंटीचं काम करतो. लोक माझ्यावर एप्रन टांगतात, ओली फडकी वाळत घालतात. एकदा मॅनेजरसाहेबांनी छत्री टांगली होती. कुणाला माझी अडचण होत नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, माझ्यासारख्या जुन्या वस्तू काढाल, नव्या आणाल. खुशाल आणा. मला जुन्याचा उमाळा नाही. पण कुणाचा पत्ता बदललात, तर त्या नव्या दारावर आधी जाऊन थाप मारा. आतून माणूस ओ देतो का ते ऐका. मगच जुन्या दाराला कुलूप घाला. आणि जो माणूस रोज ती थाप मारतो, त्याचा हात धरू नका, मग तुमच्या झोपेचं खोबरं झालं तरी चालेल.

पेला अजून खिडकीत पालथा आहे. आतून नव्या बॅचची टकटक ऐकू येऊ लागली आहे. सकाळचे आठ वाजून गेले. आजही पाणी घेऊन कुणी आलं नाही.